जगभरच्या सर्व्हरचे कुलूप कोण घडवते?

आपल्या धंद्यात संगणक शिरला त्याला आता बराच काळ लोटला. पूर्वी दिवाणजी लाल बासनातली चोपडी काखेत मारून येत असत. आता बिल, ई-वे बिल, मालाचा साठा, उधारी-वसुली हे सारे संगणकात असते. आणि तो संगणकही पुष्कळांच्या दुकानात नसतो. कुठेतरी दूर भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर आपली चोपडी ठेवलेली असते, आणि तो सर्व्हर आपण जन्मात पाहिलेला नसतो.

माझ्या हिशेबाचा सर्व्हर सांभाळणारा मुलगा मोहल्ल्यातलाच आहे. एकदा त्याने मला पडद्यावर एक लांबलचक यादी दाखविली. एका रात्रीत अनोळखी ठिकाणांहून आमच्या सर्व्हरवर हजारो वेळा पासवर्ड टाकून पाहिले गेले होते. कधी ‘अ‍ॅडमिन’ नावाने, कधी ‘रूट’ नावाने, कधी नुसते ‘टेस्ट’. “चाचा, रातभर कोई कुंडी खटखटाता रहा,” तो म्हणाला. मी घाबरलो. तो मात्र शांत होता. हे रोजचेच आहे, इंटरनेटला जोडलेल्या जवळजवळ प्रत्येक सर्व्हरवर हे चालते, पण कुलूप पक्के आहे, असे त्याने सांगितले. मी विचारले, कुलूप कोणत्या कंपनीचे? तो म्हणाला, कंपनीचे नाही, फुकटचे आहे. कॅनडाकडचे काही लोक मिळून बनवतात.

‘फुकट’ या शब्दाने व्यापाऱ्याचे कान टवकारतात. फुकटच्या मालाला वाली नसतो, असा आपला अनुभव. ज्या कुलपावर माझी सारी उधारी अवलंबून, ते बनवणारे लोक कोण, ते खातात काय, आणि उद्या त्यांनी काम सोडले तर काय, हे समजून घेण्यासाठी मी पुष्कळ खटपट केली. त्यात जे कळले ते पेठेतल्या सर्वांनाच उपयोगी पडेल म्हणून येथे मांडतो.

हे कुलूप म्हणजे ओपन-एस-एस-एच नावाचे सॉफ्टवेअर. दूरच्या सर्व्हरवर शिरून काम करायचे असेल तर त्याचा कारभारी याच दरवाज्याने आत जातो. आपला पासवर्ड व हुकूम वाटेत कोणी वाचू नये म्हणून ते गुप्त लिपीत गुंडाळून पाठविले जातात. या पद्धतीचा मूळ शोध १९९५ साली फिनलंडमध्ये लागला. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणीतरी पासवर्ड चोरले, तेव्हा तातू यलोनेन या संशोधकाने पहिले एस-एस-एच लिहिले. आरंभी ते सर्वांना मोकळे होते, पुढे त्यावर परवान्याच्या अटी वाढत गेल्या. तेव्हा ओपन-बी-एस-डी नावाच्या मंडळींनी त्याची एक जुनी, मोकळ्या परवान्याची आवृत्ती घेतली, ओळ न् ओळ तपासून दुरुस्त केली आणि डिसेंबर १९९९ मध्ये आपल्या प्रणालीबरोबर वाटावयास काढली. तेच आजचे ओपन-एस-एस-एच. मोठमोठ्या कंपन्यांच्या यंत्रांपासून माझ्यासारख्याच्या भाड्याच्या सर्व्हरपर्यंत तेच वापरले जाते.

उघडी वही

ओपन-बी-एस-डी ही संगणक चालवणारी मूळ प्रणाली आहे, विंडोज किंवा लिनक्ससारखी. १९९५ साली थिओ डी रॅट या प्रोग्रॅमरने कॅनडातील कॅलगरी शहरातून तिची सुरुवात केली. त्याआधी तो नेट-बी-एस-डी या दुसऱ्या प्रणालीच्या संस्थापकांपैकी एक होता. तेथे सहकाऱ्यांशी खटके उडाले आणि त्याला बाहेर पडावे लागले. माणूस तिखट जिभेचा, हे त्याचे चाहतेही मान्य करतात. पण त्याने आणि साथीदारांनी एक गोष्ट सुरुवातीलाच केली. कामाची ताजी वही जगातल्या कोणालाही, नाव न सांगता, रोजच्या रोज वाचता येईल अशी उघडी ठेवली. त्या काळी मोकळ्या सॉफ्टवेअरमध्येही रोजचे काम थोड्या लोकांच्या हाती असे आणि बाकीच्यांना तयार माल मिळे.

आपण कापड घेताना काय करतो? तागा उलटा करतो, भिंग लावून इंचातले धागे मोजतो, एखादा धागा ओढून पाहतो. ज्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर उघडा असतो, म्हणजे ओपन सोर्स असते, ते असे उलटून पाहता येते. कंपनीचे बंद सॉफ्टवेअर हा शिवलेल्या गोणीतला माल असतो. पण येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उलटून पाहता येते म्हणजे कोणीतरी पाहिले आहेच असे नव्हे. पेठेत उघडा पडलेला तागाही कोणी तपासल्याशिवाय खरा ठरत नाही.

ओपन-बी-एस-डीवाल्यांनी हे ओळखले. १९९६ पासून त्यांच्यातील काही जणांनी सारी प्रणाली फाईलमागून फाईल वाचून काढण्याचे काम हाती घेतले. चोराला शिरण्याजोगे भोक कोठे आहे, एवढेच ते शोधत नव्हते. साधी चूक दिसली तरी ती दुरुस्त करायची, आणि त्याच जातीची चूक बाकी सर्व ठिकाणी आहे का ते हुडकायचे, अशी रीत त्यांनी ठेवली. काम कंटाळवाणे, नाव मिळवून न देणारे. नवे काही बनविल्यावर लोक वाहवा करतात, दुसऱ्याचे जुने वाचून नीट करणाऱ्याला कोण विचारतो?

दहा माणसे, एक खोली

आता ‘हॅकर’ या शब्दाविषयी थोडे. वर्तमानपत्रांनी हा शब्द चोरासाठी रूढ केला आहे. परंतु या मंडळींत हॅकर म्हणजे हात बसलेला कारागीर, यंत्राच्या पोटात शिरून काम करणारा. म्हणूनच हे कारागीर एकत्र बसून काम करतात त्या बैठकीला ‘हॅकेथॉन’ म्हणतात. हॅक आणि मॅरेथॉन हे शब्द जोडून ते नाव झाले. आज महाविद्यालयांतून बक्षिसांच्या हॅकेथॉन भरतात, त्यांचा आणि याचा फारसा संबंध नाही.

अशी एक आरंभीची बैठक ४ जून १९९९ रोजी कॅलगरीत भरली. दहा प्रोग्रॅमर आले होते. ती कॅनडातच का, याचे कारण मजेदार आहे. त्या वेळी अमेरिकेचा कायदा गुप्त लिपीच्या चांगल्या सॉफ्टवेअरची निर्यात शस्त्राप्रमाणे रोखून धरीत होता. अमेरिकेच्या भूमीवर बसून कुलपाचा खटका घडवला तर तो बाहेर नेताना कायद्याचा बडगा बसण्याची भीती. म्हणून कारागीर सीमा ओलांडून कॅनडात गेले आणि तेथे बसून काम केले. पुढे २००० सालच्या आरंभी अमेरिकेने हे नियम पुष्कळ सैल केले, पण एकत्र बसण्याची सवय टिकली. २०१४ साली स्लोव्हेनियातील लुब्लियाना, २०१७ साली टोरांटो, अशा निरनिराळ्या गावी या बैठका भरत आल्या.

बैठकीत भाषण नसते, हारतुरे नसतात. लांब टेबले, ज्याचा त्याचा संगणक, तारांचा गुंता, आणि साधारण आठवडाभर काम. वर्षभर जे लोक फक्त पत्रांतून एकमेकांना ओळखतात ते खांद्याला खांदा लावून बसतात. एकाने बदल लिहिला की शेजारचा वाचतो. दुसऱ्या जाणत्याने ‘ओके’ म्हटल्यावर तो बदल वहीत चढवायचा, आणि ओके कोणाचे होते तेही तेथेच नोंदवायचे, असा त्यांचा रिवाज आहे. तीन महिने पत्रांतून घोळणारा वाद समोरासमोर बसल्यावर दुपारच्या जेवणाआधी मिटतो. आपल्याकडे यंत्रमागाचा सांचा बिघडला आणि उस्ताद फोनवरून सांगत बसला तर दिवस जातो. तोच येऊन हात लावतो तेव्हा घटकाभरात धोटा पळू लागतो. तसेच हे.

या पद्धतीतून निघालेली एक कल्पना आपल्या लोकांना लगेच समजेल. दुकानात गल्ल्यावर बसलेला नोकर येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाशी बोलतो, पण तिजोरीची किल्ली त्याच्याकडे नसते. ती आतल्या खोलीत बसलेल्या मालकाकडे असते. ओपन-एस-एस-एचमध्ये २००२ साली हीच व्यवस्था केली गेली. बाहेरच्याशी बोलणारा भाग वेगळा, आणि तो अक्षरशः एका रिकाम्या कप्प्यात कोंडलेला. अधिकार असणारा भाग मागे. बाहेरच्याने बोलता बोलता नोकराला फसवले तरी त्याच्या हाती रिकामी खोली लागते.

ही व्यवस्था वेळेवर झाली म्हणायची. त्याच वर्षी जून महिन्यात ओपन-एस-एस-एचमध्ये एक गंभीर भोक असल्याचे बाहेर आले. भोक कोठे आहे हे जाहीर करण्यापूर्वी डी रॅटने जगाला सांगितले की, आधी ही नवी व्यवस्था चालू करा. ‘पाच वर्षांत बाहेरून शिरता येईल असे एकही भोक नाही’ अशी फुशारकी त्यांच्या दर्शनी पानावर होती. ती त्यांनी स्वतः खोडून ‘सुमारे सहा वर्षांत एक’ असे लिहिले. २००७ साली आणखी एक सापडले तेव्हा तो आकडा दोन केला. आपल्या पाटीवर आपल्या मालातील दोष आपणच मोजून लिहिणारा दुकानदार मी तरी पाहिलेला नाही.

नमुना एक, गाठीत माल दुसरा

कुलूपवाल्याच्या घरीच चोरी झाली तर? तसेही झाले. जुलै २००२ च्या शेवटी, त्या भोकाच्या गडबडीला जेमतेम महिना होतो न होतो तोच, ओपन-एस-एस-एचची नवी प्रत जेथून जगभर उतरवून घेतली जाई त्या सर्व्हरवर कोणीतरी शिरले आणि खरी गाठ काढून तेथे भेसळीची ठेवली. उघड्या वहीतला मजकूर शुद्ध होता. विष होते ते बांधून ठेवलेल्या गाठीत. जो कोणी ती गाठ सोडून आपल्या संगणकावर बांधणी करी, त्याचा संगणक तासातासाने बाहेरच्या एका ठिकाणाशी संपर्क साधून हुकूम मागू लागे.

ते पकडले गेले मोहरेमुळे. अशा प्रत्येक गाठीचा हिशेब करून आकड्या-अक्षरांची एक मोहर काढतात. गाठीतला एक टिंब जरी बदलला तरी मोहर साफ वेगळी येते. फ्री-बी-एस-डी या शेजारच्या प्रणालीने खऱ्या गाठीची मोहर आधीच नोंदून ठेवली होती. ती जुळेना, तेव्हा बोभाटा झाला. १ ऑगस्टपर्यंत खरी गाठ परत जागेवर आली. एक-दोन दिवसांत निभावले, कारण मोहर दुसऱ्याच्या घरी नोंदलेली होती. चोराच्या हाती सापडलेल्या गोदामातच मोहरही ठेवली असती तर चोराने तीही बदलली असती. गाठ आणि बीजक एकाच ट्रकमध्ये पाठवू नये, असे आपले जुने लोक सांगत, ते उगाच नव्हे.

२०१० च्या डिसेंबरात निराळाच प्रसंग आला. त्यांच्या गुप्त लिपीच्या भागात फार पूर्वी अमेरिकेच्या तपास खात्यासाठी मागचा दरवाजा ठेवून घेतला गेला, असा आरोप एका जुन्या ओळखीच्याने खाजगी पत्रातून डी रॅटला कळविला. एखाद्या कंपनीने असे पत्र वकिलाकडे देऊन कपाटात ठेवले असते. त्याने ते जसेच्या तसे सर्वांसमोर टाकले आणि म्हटले, वही उघडी आहे, वाचा. अनेकांनी वाचले. काही चुका निघाल्या, त्या दुरुस्त झाल्या. मागचा दरवाजा मात्र सापडला नाही.

विजेचे बिल

आता पैशाकडे वळू. अनेक वर्षे या मंडळींचा खर्च प्रणालीच्या सीडी, भित्तिचित्रे आणि टी-शर्ट विकून भागत असे. होय, टी-शर्ट! जगातल्या बँकांचे कुलूप टी-शर्टच्या नफ्यावर चालले होते, हे वाचून मला कापडवाला म्हणून थोडे बरे वाटले आणि माणूस म्हणून नवल. दोन-तीन वर्षे मोठी मदतही मिळाली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या शाखेने एका विद्यापीठामार्फत वीस लाख डॉलरहून अधिक रकमेचे काम दिले होते. एप्रिल २००३ मध्ये, इराकवर हल्ला चालू असताना, डी रॅटने वर्तमानपत्राजवळ युद्धाविरुद्ध मत मांडले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मदतीचा उरलेला भाग थांबला. खात्याने कारणे वेगळी दिली, पण वेळ सर्वांच्या डोळ्यांत भरली. मे महिन्यात कॅलगरीत सुमारे साठ जणांची बैठक ठरलेली होती आणि तिच्या खर्चाचा आधार तोच होता. तरी बैठक झाली. लोकांनी वर्गणी दिली.

२००६ साली डी रॅटने तोट्याचा उघड उल्लेख केला, तेव्हा मोझिला या संस्थेने दहा हजार डॉलर दिले. कुलूप आपल्या यंत्रांत घालून विकणाऱ्या कितीतरी बड्या कंपन्या मात्र गप्प होत्या. २००७ मध्ये कॅनडात या कामासाठी रीतसर प्रतिष्ठान स्थापन झाले. तरीही जानेवारी २०१४ मध्ये पाळी आली ती विजेच्या बिलाची. निरनिराळ्या जातींची जुनी-नवी यंत्रे डी रॅटच्या घरी चालत असत, आणि त्यांचे वर्षाचे वीज बिल सुमारे वीस हजार डॉलर होई. ते भरायला पैसे नाहीत, मदत न मिळाल्यास काम बंद पडेल, असे जाहीर करावे लागले. रुमेनियातील एका बिटकॉइनवाल्याने वीस हजार दिले, मागोमाग इतरांनीही हात लावला. जुलै २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही मोठी देणगी दिली, कारण विंडोजमध्ये ओपन-एस-एस-एच घ्यायचे त्यांनी ठरवले होते.

त्याच २०१४ सालच्या ७ एप्रिलला ‘हार्टब्लीड’ प्रकरण बाहेर आले. ओपन-एस-एस-एल हे दुसरे मोकळे सॉफ्टवेअर. नावे सारखी वाटतात, पण ही वेगळी चीज. बँकेच्या पानावर आपण जो छोट्या कुलपाचा शिक्का पाहतो त्यामागे बहुतेक वेळा तेच असते. त्यात दोन वर्षे एक भोक तसेच राहिले होते, ज्यातून सर्व्हरच्या आठवणीतील तुकडे, त्यात पासवर्डही, बाहेर ओढून घेता येत. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे जगातील सुरक्षित म्हणवणाऱ्या सर्व्हरांपैकी सुमारे १७ टक्के, म्हणजे पाच लाखांच्या आसपास, त्याच्या तडाख्यात होते. कॅनडाच्या करखात्यातून सुमारे नऊशे लोकांचे ओळख-क्रमांक चोरीस गेले. मग लोकांनी विचारले, हे सॉफ्टवेअर सांभाळतो कोण? उत्तर मिळाले, पूर्ण वेळ काम करणारा एकच मनुष्य, आणि देणग्या वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर.

ओपन-बी-एस-डीवाले चिडले आणि बाह्या सरसावून बसले. त्यांनी ओपन-एस-एस-एलची एक प्रत घेऊन पहिल्याच आठवड्यात त्यातल्या नव्वद हजारांहून अधिक ओळी कापून टाकल्या. त्या वर्षीच्या लुब्लियानाच्या बैठकीतही हे काम चालले. लिब्रे-एस-एस-एल असे त्या नव्या आवृत्तीचे नाव. दुसरीकडे बड्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनमार्फत निधी उभा केला. वाटले की धडा मिळाला.

मदतनीस बनून आलेला चोर

दहा वर्षांनी, २९ मार्च २०२४ रोजी, धडा अर्धाच मिळाला होता हे दिसले. हे प्रकरण मी जरा सविस्तर सांगतो.

एक्स-झेड नावाचे एक छोटे मोकळे सॉफ्टवेअर आहे. कापूस दाबून गाठ बांधणाऱ्या प्रेससारखे ते फाईल दाबून लहान करते. लिनक्सच्या जवळजवळ सर्व प्रकारांत ते असते. फिनलंडमधील एक गृहस्थ ते अनेक वर्षे एकट्याने, बिनपगारी सांभाळीत होते. २०२१ च्या सुमारास ‘जिया तान’ या नावाने कोणी त्यांना मदत करू लागला. काम चांगले, बोलणे अदबीचे. २०२२ मध्ये आणखी काही नावे पत्रे पाठवू लागली. काम फार सावकाश चालले आहे, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याकडे सोपवा, असा त्यांचा तगादा. त्यातले एक नाव ‘जिगर कुमार’ असे चक्क आपल्या गुजरात-मुंबईकडचे वाटणारे होते. ही नावे आधी कोठे दिसली नव्हती आणि काम झाल्यावर नाहीशी झाली. त्या गृहस्थांनी उत्तर दिले की, माझी प्रकृती बरेच दिवस ठीक नाही आणि हे मी फावल्या वेळात, पैशाशिवाय करतो, हे विसरू नका. शेवटी हळूहळू किल्ल्या जिया तानकडे गेल्या.

आपल्या बाजारात हे नवे आहे का? म्हातारा, थकलेला पेढीवाला. सर्वजण त्याला टोचून बोलतात. एक गोड बोलणारा गुमास्ता दोन वर्षे इमानदारीने हिशेब लिहितो. मग एक दिवस पेढीचा शिक्का त्याच्या हाती येतो.

फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये जिया तानने ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्या काढल्या. त्यात विष होते, आणि त्याने २००२ सालचीच खेळी अधिक कसबाने खेळली होती. विषाचे तुकडे चाचणीच्या निरर्थक दिसणाऱ्या फाईलींत लपवलेले होते. त्यांना जोडून जिवंत करणारी ओळ उघड्या वहीत नव्हतीच, ती फक्त बांधून वाटलेल्या गाठीत होती. वही वाचणाऱ्याला काही दिसले नसते. नमुना एक, गाठीत माल दुसरा!

निशाण होते ओपन-एस-एस-एच. वास्तविक त्या कुलपाचा एक्स-झेडशी काही संबंध नाही, कॅलगरीवाल्यांच्या मूळ मालात ते नव्हते. पण लिनक्सच्या काही वितरकांनी आपल्या सोयीसाठी कुलपाला एक जादा दुवा जोडला होता आणि त्या दुव्यामागून एक्स-झेड आत येत असे. ज्याच्याकडे ती विशिष्ट गुप्त किल्ली असेल त्याला अशा सर्व्हरवर हवा तो हुकूम चालवता आला असता.

पकडले कोणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या प्रोग्रॅमरने. तो मायक्रोसॉफ्टचा नोकर आणि पोस्टग्रेस या मोकळ्या डेटाबेसचा एक कारागीर. चोर शोधायला तो निघालाच नव्हता, डेटाबेसच्या वेगाची मोजणी करीत होता. त्याच्या यंत्रावर बाहेरून कोणीतरी चुकीची नावे घालून कडी खटखटवीत होते, जशी माझ्या सर्व्हरवर खटखटवतात तशीच. असे प्रयत्न ताबडतोब फेटाळले जातात, त्याला जोर लागत नाही. पण येथे यंत्राला फार मेहनत पडत होती. त्याने मोजले. दार उघडायला पूर्वी ०.३ सेकंद लागत, आता ०.८ लागत होते. अर्ध्या सेकंदाचा फरक! दुसऱ्या कोणी हात झटकले असते. हा धागा ओढत गेला आणि शेवटी एक्स-झेडपर्यंत पोचला. विषारी आवृत्त्या तोवर डेबियन, फेडोरा वगैरेंच्या चाचणीच्या शाखांतच शिरल्या होत्या. सर्वसाधारण लोक वापरतात त्या स्थिर आवृत्त्यांत पोचायला थोडेच दिवस बाकी होते. जिया तान कोण, एकटा की टोळी, कोण्या सरकारचा माणूस की आणखी कोणी, हे आजतागायत उजेडात आलेले नाही.

या दोन चित्रांतला फरक मला फार जाणवतो. एकीकडे कॅलगरीची खोली, जिथे शेजाऱ्याने वाचून ओके म्हटल्यावर बदल वहीत चढतो आणि वर्षातून एकदा तरी माणसाचा चेहरा दिसतो. दुसरीकडे फिनलंडमध्ये एकटा बसलेला, आजारी कारागीर, ज्याला तपासायला आणि ज्याचा भार उचलायला कोणी नाही. दोघांचीही वही उघडीच होती. चोराने तिजोरी फोडायची तसदी घेतली नाही, त्याने एकटा माणूस शोधला. समोरासमोर बसल्याने सगळा धोका टळतो असे मी म्हणत नाही. जुलै २०२४ मध्ये खुद्द ओपन-एस-एस-एचमध्ये, लिनक्सवर चालणाऱ्या प्रतीत, पूर्वी एकदा बुजवलेले भोक २०२० साली चुकून परत उघडले गेल्याचे आढळले. भल्या लोकांच्याही नजरेतून सुटते. पण ते चुकीने सुटले होते, आणि सापडताच बुजवले गेले.

यावर काही बंधू म्हणतील, मग कंपनीचे पैसे देऊन घेतलेले बंद सॉफ्टवेअर काय वाईट? त्यांनी २७ जून २०१७ आठवावा. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे आपण वापरतो तशाच बिल-कराच्या सॉफ्टवेअरच्या, सुधारित आवृत्तीत चोरांनी ‘नॉटपेट्या’ हे विष घातले. ते सॉफ्टवेअर बंदच होते. तेथून ते मर्स्क या जहाज कंपनीत पसरले, आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातील त्यांच्या टर्मिनलचे संगणक बंद पडून कंटेनर अडकले. गोणी शिवलेली असल्याने आत काय आहे ते घेणाऱ्याला बघण्याची सोयही नव्हती.

हे सारे समजल्यावर मी सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलाला परत बोलावले आणि चार प्रश्न विचारले. पासवर्डने दार उघडते की किल्लीच्या फाईलने? म्हणाला, अजून पासवर्डने. तेथेच बसवून बदलून घेतले. पासवर्डाने उघडणारे दार बंदच केले म्हणजे रात्रभर खटखटवणाऱ्यांचे हजारो प्रयत्न फुकट जातात. सुधारित आवृत्ती कधी घातली होती? तीन महिन्यांपूर्वी. आता दर आठवड्याला घालतो. हिशेबाची नक्कल कोठे आहे? त्याच सर्व्हरवर! गाठ आणि बीजक एकाच ट्रकमध्ये. आता नक्कल वेगळ्या जागी जाते, आणि महिन्यातून एकदा ती उघडून पाहिली जाते. चौथा प्रश्न त्याच्या स्वतःविषयी होता, तू आजारी पडलास तर दुसरे कोण? यावर तो गप्प राहिला. त्याच्या धाकट्या भावाला मी आता सोबत शिकायला बसवले आहे. पगार दोघांचा द्यावा लागतो.

फिनलंडच्या त्या गृहस्थांनी, इतके होऊनही, काम टाकले नाही. ते परत आले, सारी वही तपासली आणि २९ मे २०२४ रोजी विष काढलेली ५.६.२ ही आवृत्ती काढली. ओपन-एस-एस-एचवाल्यांनी त्याच वर्षी जुलैत वितरकांची ती सोय स्वतःच्याच मालात साध्या रीतीने करून दिली, म्हणजे जादा दुवा जोडायची गरजच राहू नये.

मी ओपन-बी-एस-डीच्या प्रतिष्ठानाला यंदा थोडी रक्कम पाठवली. रक्कम लहान आहे, सांगण्याजोगी नाही. पावती ताबडतोब आली. आमच्या कर-सल्लागाराने विचारले, हे कोणत्या खात्यात टाकू? संस्था परदेशी, देणगीची सवलत मिळणार नाही. मी म्हटले, देणगीत टाकूच नका. शटरच्या कुलपाला तेल घालायचा आणि किल्ल्या करून घ्यायचा खर्च आपण कोठे लिहितो? त्याने दुरुस्ती-देखभालीचे पान उघडले आणि तेथे लिहून घेतले.